दोन साक्षीदारांचा पासवर्ड

माझ्या मुलीच्या प्रवेशअर्जाच्या खात्याचा पासवर्ड आमच्या घरात कोणालाही ठाऊक नव्हता, आणि ही व्यवस्था मी स्वतः, पूर्ण शुद्धीवर असताना व कोणाच्याही दबावास बळी न पडता केलेली होती.

हे लिहितानाही आता दम लागतो. परंतु सदर प्रकरणाची जी कथा नातेवाइकांत फिरत आहे, तीत प्रत्येकाने आपल्या पदरचे काहीतरी घातलेले असल्याने, खरी हकीकत एकदा माझ्याच हातून कागदावर यावी एवढ्याच हेतूने बसलो आहे.

मी व्यवसायाने अर्जनवीस आहे. तहसील कचेरीच्या आवाराबाहेर कडुनिंबाखाली गेली अठ्ठावीस वर्षे माझे टेबल आहे. ज्याला सरकारपुढे गाऱ्हाणे मांडायचे आहे, त्याचे गाऱ्हाणे मी योग्य नमुन्यात बसवून देतो. नावातली चूक असो, बांधाचा वाद असो, नळाला पाणी न येणे असो, माझ्या हातचा अर्ज वाचताना कारकून खुर्चीत सरळ होऊन बसतो, असे लोक म्हणतात. (लोक म्हणजे मुख्यतः मी.) तेव्हा घरात असा माणूस उपलब्ध असताना मुलीने नर्सिंगच्या प्रवेशाचा अर्ज स्वतःच्या हाताने भरावा, हे मला रुचणे शक्यच नव्हते. अर्ज मी भरला. खाते मी उघडले. मोबाईल नंबर माझा दिला. प्राची शेजारी बसून फक्त "बाबा, तिथे नाही, इथे" एवढेच म्हणत होती.

त्याच सुमारास नागपूरजवळ बेसा येथील आमच्या वस्तीच्या सभागृहात संगणक सुरक्षिततेवर एक व्याख्यान झाले. बोलणारी बाई तरुण होती, पण बोलणे मुद्देसूद. ती म्हणाली, पासवर्ड लांब ठेवा, त्यात मुलाबाळांची नावे आणि जन्मसाल घालू नका, त्याची चिठ्ठी संगणकाला चिकटवू नका आणि तो कोणालाही सांगू नका. मी मान खाली घातली. आमचा पासवर्ड प्राचीचे नाव आणि तिचे जन्मसाल असाच होता, आणि त्याची चिठ्ठी मी संगणकाच्या कपाळावर डकवलेली होती. (चिठ्ठीखाली माझी सही व तारीखही होती!)

शेवटी शंका विचारायची वेळ आली, तेव्हा मी उभा राहिलो.

"मॅडम, साक्षीदार किती लागतील?"

"कशाला साक्षीदार?"

"पासवर्डला. दोन साक्षीदारांशिवाय कोणताही कागद पक्का होत नसतो."

बाई हसली, सभागृह हसले, मागून कोणीतरी टाळीही वाजवली. मी ती संमती समजलो.

घरी येऊन दोन दिवस विचार केला. एकीकडे कोणाला सांगायचे नाही, दुसरीकडे साक्षीदारांवाचून काम कच्चे राहते! इतर कोणी असता तर हात टेकले असते. मला मात्र तिसऱ्या दिवशी, दाढी करताना, मार्ग दिसला. पासवर्डाचे दोन तुकडे करायचे. एक तुकडा एका साक्षीदाराकडे, दुसरा दुसऱ्याकडे. आणि संपूर्ण पासवर्ड? तो कोणाकडेच नाही. माझ्याकडेही नाही! इतकी पक्की तजवीज कोणी केल्याचे माझ्या ऐकिवात नव्हते. (ती का केली जात नाही, हा विचार तेव्हा शिवला नाही.)

त्या रविवारी शहराच्या नंदनवन भागातून माझी थोरली बहीण विमलताई जेवायला आली होती. जेवणे झाल्यावर मी तिला आणि माझी पत्नी सुनंदा हिला संगणकापुढे बसवले.

"सुनंदा, पहिला अर्धा भाग तू टाक. ताई, दुसरा तू. निदान सहा अक्षरं. एकमेकींना सांगायचं नाही. मलेही नाही."

"अन् तुम्ही काय करणार?" सुनंदाने विचारले.

"मी भिंतीकडे तोंड करून उभा राहतो."

"काहून?" ताई म्हणाली.

"उद्या चोरानं माझ्या मानेवर सुरी ठेवली तरी मले सांगता येणार नाही. जे माहीतच नाही ते सांगन कसं?"

ताईने मला डोक्यापासून पायापर्यंत पाहिले. "बंडू, तुया मानेवर सुरी ठेवून त्याले भेटन काय गा?"

मी भिंतीकडे वळलो. पाठीमागे सुनंदाची बोटे वाजली, मग ताईची. संगणकाने तोच पासवर्ड पुन्हा एकदा मागितला, तेव्हा पुन्हा सुनंदा, पुन्हा ताई. मग त्याने विचारले, हा पासवर्ड मी लक्षात ठेवू का? ताईने परस्पर 'हो' दाबले. "एवढं आपल्या तोंडानं विचारून राहिला बिचारा," ती म्हणाली.

निघताना मी ताईला दारात थांबवून शेवटची सूचना दिली. "उद्या फोनवर माझ्या आवाजात कोणी विचारलं, तरी सांगायचं नाही. आजकाल आवाज हुबेहूब काढतात. व्हिडिओत तोंडसुद्धा खोटं लावतात." ताईने गंभीरपणे मान हलवली. माझ्या बोलण्यावर तिने गंभीरपणे मान हलवल्याचा हा आयुष्यातला पहिला प्रसंग, आणि तो नेमका याच सूचनेच्या वाट्याला यावा!

संध्याकाळी प्राची क्लासहून आली. तिला सर्व समजावून सांगितले.

"म्हणजे बाबा, माझ्या अर्जाचा पासवर्ड मलेच माहीत नाही?"

"कोणालेच नाही. यालाच सुरक्षितता म्हणतात."

"मॅडम म्हणाल्या कोणाला सांगू नका. ज्याचं काम आहे त्यानंही लक्षात ठेवू नये, असं कुठं म्हणाल्या?"

मी तिला माझ्या अठ्ठावीस वर्षांच्या अनुभवाची आठवण करून दिली. ती पुस्तक उघडून बसली. (पटले म्हणून नव्हे, हे आता कळते.)

पुढचे काही महिने संगणक स्वतःच पासवर्ड भरत असल्याने सर्व सुरळीत चालले. दरम्यान तीन घटना घडल्या. त्या त्या वेळी तीनही किरकोळ वाटल्या.

पहिली अशी की एका नातेवाइकाकडच्या बारशाला सुनंदाने सांबारवडी नेली. (आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात, वडी तिचीच.) ताईने चार बायकांत एक वडी मोडून पाहिली आणि म्हणाली, "वडी बरी हाये, पण सांबार परवाचा वाटते." त्या दिवसापासून दोघींचे बोलणे बंद. समोरासमोर आल्याच, तर एकमेकींशी माझ्यामार्फत बोलत. मी दोन्हीकडचा टपालवाला झालो.

दुसरी अशी की एका रविवारी मला आठवले, त्या बाईने संगणकात पासवर्ड साठवून ठेवू नका असेही सांगितले होते. निदान असे काहीतरी सांगितले होते. मी बसून, घाम गाळून, संगणकात जे जे साठवलेले सापडले ते ते पुसून टाकले. संगणक झाडल्यासारखा स्वच्छ झाला. फार समाधान वाटले.

तिसरी अशी की एका गुरुवारी कडुनिंबाखाली बसलो असता माझ्या फोनवर संदेश आला: 'अभिनंदन! आपली निवड झाली आहे. पुढील कार्यवाहीसाठी लॉगिन करा.' मी मनात हसलो. आपले कोण लागून गेले आहेत हे, उगाच अभिनंदन करायला! संदेश खोडला, पाठविणाऱ्याला कायमचे ब्लॉक केले, आणि भामट्यांना कसे ओळखावे यावर भोवतालच्या पक्षकारांना अर्धा तास मार्गदर्शन केले.

शनिवार उजाडला. कचेरी बंद, मी घरी. दुपारी दीड वाजता प्राचीच्या मैत्रिणीचा फोन आला आणि प्राची आतल्या खोलीतून धावत बाहेर आली.

"बाबा! यादी लागली! माझं नाव आहे! सरकारी कॉलेज, इथंच, नागपूरमध्ये!"

सुनंदाने देवापुढे साखर ठेवली. मी मिशीवरून हात फिरवला.

"पण बाबा, जागा स्वीकारायची शेवटची मुदत आज पाच वाजता आहे. नाही स्वीकारली तर पुढच्या नावाले जाते. गुरुवारीच मेसेज आला असन ना तुम्हाला?"

मी फोन टेबलावर उपडा ठेवला.

येथे एक गोष्ट सांगणे भाग आहे. प्राचीची ही परीक्षा दुसरी होती. पहिल्या वेळी थोडक्यात हुकली, तेव्हा वर्षभर घरी बसून, मैत्रिणी पुढे गेलेल्या पाहत, तिने पुन्हा अभ्यास केला होता. तिला दुसरे काही व्हायचेच नव्हते. कॉलनीत कोणाला सुई टोचायची असली की पाहायला जाणारी मुलगी ही. आणि तिची जागा आता एका रिकाम्या चौकटीमागे होती, जिच्यात काय लिहायचे ते मला, तिच्या बापाला, माहीत नव्हते.

मी खुर्ची ओढली. "घाबरू नको. मी आहे."

प्रथम जुना पासवर्ड टाकला. चूक. सुनंदाचे नाव आणि ताईचे नाव जोडून टाकले. चूक. ताईचे आधी, सुनंदाचे नंतर. चूक! नात्याने ताई मोठी आहे, तेव्हा तिच्यापुढे 'सौभाग्यवती' जोडले. चूक! पडद्यावर लाल अक्षरे उमटली: आता एकच प्रयत्न शिल्लक, त्यानंतर खाते चोवीस तास बंद.

"बाबा, हात काढा!" प्राची ओरडली. "पासवर्ड विसरलो, यावर दाबा. तुमच्या फोनवर ओटीपी येईल."

दाबले. आला नाही. पुन्हा दाबले. आला नाही. सरकारी काम आहे, पाठपुरावा लागतो, म्हणून मी सारखा दाबत राहिलो. प्राचीने माझा फोन हातात घेतला आणि तिचा आवाज बारीक झाला.

"बाबा, तुम्ही यांना ब्लॉक केलंय."

तिने ते काढले. तोवर माझ्या पाठपुराव्याला कंटाळून त्यांनी कळवले की आजची ओटीपीची मर्यादा संपली, उद्या प्रयत्न करावा.

उरला सुरक्षा प्रश्न: आपल्या पहिल्या शाळेचे नाव काय? "हे तर सोपं आहे!" प्राची म्हणाली. सोपे होते. परंतु एका शब्दात उत्तर देऊन मोकळे होणे माझ्या स्वभावात नाही. खाते उघडताना मी या प्रश्नाचे उत्तर पूर्ण वाक्यात, रीतसर लिहिले होते. 'उपरोक्त प्रश्नास अनुसरून सविनय कळविण्यात येते की' इथपर्यंत पक्के आठवत होते. पुढे 'अर्जदार' लिहिले होते की 'खाली सही करणार', आणि शाळेच्या नावापाठोपाठ 'मौजे' घातले होते की 'मुक्काम पोस्ट', हे काही केल्या आठवेना. तीन मसुदे करून पाहिले. तीनही फेटाळले गेले.

प्राची रडली नाही. प्रमाणपत्रांची फाईल मांडीवर घेऊन ती पलंगावर नुसती बसून राहिली. रडली असती तर बरे झाले असते.

"माझा अर्धा मले पाठ आहे," सुनंदा स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली. "त्यांचा त्यांना विचारा."

मी ताईला फोन लावला. फोनचा आवाज मोठा ठेवला होता, तो माझा आणखी एक मूर्खपणा.

"ताई, मी बंडू. तुया अर्धा पासवर्ड सांग लवकर!"

पलीकडून प्रश्न आला, "कोण बोलून राहिलं?"

"बंडू! तुया भाऊ!"

"बंडू असा नाही बोलत. बंडू आधी पाव घंटा इकडचं तिकडचं बोलते, मंग मुद्द्यावर येते. कोण रे तू भामट्या?"

"ताई, मीच तुले सांगतलं होतं ना, फोनवर सांगू नको म्हणून!"

"ते बंडूनं सांगतलं होतं. तुले कसं समजलं? म्हणजे त्याचा फोन चोरला, वरून त्याचं बोलणंही ऐकलं!"

"मंग विचार मले काही. घरच्याच माणसाले माहीत असन असं विचार."

ताईने प्रश्न काढला. "लहानपणी बंडू विहिरीवर जायले कोणाले भेत होता?"

मी सुनंदाकडे पाहिले. प्राचीकडे पाहिले. पावणेतीन वाजले होते.

"...कोंबड्याले."

"कोणाच्या?"

"पाटलाच्या."

"हे तर साऱ्या गावाले माहीत हाये," असे म्हणून ताईने फोन ठेवला. दोन मिनिटांत प्राचीचा फोन वाजला. "प्राचे, तुया बाबाचा फोन चोरीले गेला वं! त्याले सांग, जाऊन तक्रार दे म्हणा!"

"आत्या, बाबाच बोलत होते. मी प्राचीच आहे. हवं तर व्हिडिओ लावते."

"तोंडही खोटं लावतात, माहीत हाये मले. ज्याले पाहिजे त्यानं समोर यावं," ताई म्हणाली आणि पुन्हा फोन ठेवला.

त्या व्याख्यानातल्या बाईला अशी एकच शिष्या मिळाली असेल, आणि ती माझ्यामार्फत मिळाली.

"सुनंदा, चल, दोघं ताईकडे जाऊ. तिथंच टाकू. कोणत्याही फोनवरून होते म्हणते प्राची."

"मी त्यांच्या दारात पाय ठेवणार नाही."

"मुलीसाठी!"

"मुलीसाठी त्यांना इथं आणा. मी चहा करीन. बोलणार नाही."

मी स्कूटर काढली. बेशाहून नंदनवन काही परगाव नाही, परंतु त्या दिवशी प्रत्येक सिग्नल मला ओळखत असल्यासारखा लाल होत होता. ताईच्या घरी पोहोचलो तेव्हा साडेतीन झाले होते. ताईने लोखंडी जाळीचे दार उघडले नाही. आतूनच पाहिले.

"डाव्या पायाची पोटरी दाखव."

"ताई, लोक पाहून राहिले!"

"कोंबड्यानं टोचल्याचा डाग दाखव, नाहीतर जा."

भर दुपारी, दोन शेजारणींच्या देखत, मी पँट गुडघ्यापर्यंत वर केली. डाग जाळीतून तपासण्यात आला. दार उघडले.

"अरे, तूच हायेस गा!" ताई खरोखर आनंदली. "मंग काय झालं?"

सांगितले. तिचा चेहरा पडला. "प्राचीची जागा? तुलेही सांगायचं नाही, असं तूच सांगतलं होतं, तर मीच येऊन टाकते. चल, चल!" मग एकदम थांबली. "पण तिथं सुनंदा हाये ना. तिनं बोलावलं का मले?"

अठ्ठावीस वर्षांत मी कोणाचे खोटे प्रतिज्ञापत्र लिहिलेले नाही. तोंडी मात्र त्या क्षणी दिले. "हो. तिनंच पाठवलं."

ताईचे डोळे भरले. "चार महिन्यांनी बोलावलं माय! थांब, लुगडं बदलून येते."

लुगडे बदलणे, त्यावर जुळणारे पोलके शोधणे, ते न सापडणे, दुसरे लुगडे काढणे आणि भावजयीकडे रिकाम्या हाताने कसे जायचे म्हणून डब्यात चिवडा भरणे यांत पंचवीस मिनिटे गेली. खोटे बोलण्याची शिक्षा इतक्या तातडीने होताना मी कोणत्याही कचेरीत पाहिलेली नाही.

घरी पोहोचलो तेव्हा साडेचार वाजायला चार मिनिटे होती. सुनंदा दारात. ताईने डबा पुढे केला.

"तू बोलावलं, म्हणून आली वं."

सुनंदाने ताईकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले. "मी? मी कधी बोलावलं?"

ताईचा हात डब्यासकट मागे गेला. "बंडू, स्कूटर काढ. मले घरी सोडून दे."

तेव्हा प्राची दोघींच्या मधे येऊन उभी राहिली. ती ओरडली नाही. इतकेच म्हणाली, "आत्या, आई, तुम्ही उद्यापासून पुन्हा भांडा. मी मधे नाही येणार. आज पाच वाजेपर्यंत थांबा फक्त."

दोघी आत आल्या. सुनंदा संगणकापुढे बसली आणि न अडखळता आपला अर्धा भाग टाकून उठली. "प्राची, त्यांना सांग, माझं झालं."

ताई बसली. बोट उचलले. आणि ते बोट हवेत तसेच राहिले.

"काय झालं?"

"लिहिलं काय ते ध्यानात हाये," ताई हळूच म्हणाली, "पण शेवटचं अंकी लिहिलं का अक्षरी, तेच आठवून नाही राहिलं."

"मनातल्या मनात आठव ताई, मोठ्यानं बोलू नको!"

"मोठ्यानं बोलल्याबिगर मले आठवतच नाही गा. आठवी नापास, हे लिहिलं. इंग्रजी अक्षरांत, लहान्या लिपीत. मंग दोनदा नापास झाला, म्हणून पुढं दोन टाकले. ते दोन आकड्यात टाकले का अक्षरात..."

लग्नाला चोवीस वर्षे झाली. सुनंदाला मी असे सांगितले होते की आजारपणामुळे मॅट्रिकच्या उंबरठ्यावरून परत फिरावे लागले. प्राचीलाही तेच सांगितले होते, आणि तेही ती पहिल्या खेपेला हुकली तेव्हा, थोडे चढ्या आवाजात.

सुनंदाचे ओठ हलू लागले. "दोनदा?" ती थेट ताईला म्हणाली. चार महिन्यांत पहिल्यांदा! "ताई, मले तर त्यांनी सांगतलं, टायफॉइड झालता!"

"टायफॉइड? कोंबड्यानं टोचलं होतं वं! तेही पाचवीत!"

"आणि आठवीत?"

"आठवीत काहीच नव्हतं झालं. चांगला धडधाकट होता."

दोघी हसू लागल्या. नुसत्या हसल्या नाहीत, एकमेकींच्या खांद्याला धरून हसल्या. मी घड्याळाकडे पाहिले. चार चाळीस.

"आई!" प्राची म्हणाली. "आत्या! दोन! अंकी की अक्षरी? एकच चान्स आहे!"

सुनंदाने पदराने डोळे पुसले. "अंकी. ताई, तुम्ही शेवटी एकच बटन दाबलं होतं. वरच्या ओळीतलं."

"तुले काय माहीत?"

"मी पाहत होते ना."

"सुनंदा!" मी हादरलो. "तुला पाहायला मनाई होती!"

"मंग काय मीही भिंतीकडे तोंड करून उभी राहू? घरात एकानं तरी डोळे उघडे ठेवले पाहिजेत ना."

ताईने टाकले. प्राचीने बटन दाबले. पडद्यावर ते गोल चक्र फिरू लागले. ते फिरत असताना मी आयुष्यात प्रथमच कोणताही नमुना न वापरता देवाला अर्ज केला. चक्र थांबले. खाते उघडले. प्राचीने 'स्वीकार' दाबले, खात्री करून घेण्याचा प्रश्न आला, त्यालाही हो म्हटले, आणि तिचे नाव छापलेले पत्र समोर आले. चार वाजून सेहेचाळीस मिनिटे.

मग ती रडली. टेबलावर डोके ठेवून, मोठ्याने. ताई आणि सुनंदा दोन बाजूंनी तिच्या पाठीवरून हात फिरवू लागल्या. मीही हात पुढे केला, पण पाठीवर जागा शिल्लक नव्हती.

डोळे पुसून प्राचीने सर्वप्रथम एक काम केले. नवा पासवर्ड तिने एकटीने टाकला, नंबर स्वतःच्या फोनचा लावला, आणि सुरक्षा प्रश्नाचे उत्तर एका शब्दात लिहिले. "बाबा, यापुढे असा मेसेज आला तर त्याच्यातल्या लिंकवर जायचं नाही, पण खोडायचाही नाही. मले विचारायचं. बस एवढंच करायचं." एवढेच! माझ्या योजनेचा मसुदा तीन पानांचा होता.

"आणि तुझा अर्धा?" मी सुनंदाला हळूच विचारले. "आता तर तो रद्द झाला. सांगायला हरकत नाही."

"तो मी मरेपर्यंत सांगणार नाही," ती म्हणाली. "आठवीपेक्षा वाईट आहे."

संध्याकाळ होत आली तरी ताई घरी जायचे नाव घेईना. मी बाहेरच्या खोलीत खुर्चीवर पाय सैल सोडून बसलो होतो. स्वयंपाकघरातून तिघींचे बोलणे ऐकू येत होते. ताई माझी हकीकत सुरुवातीपासून सांगत होती, सुनंदा तिला पुरावे जोडत होती, आणि प्राची मधूनमधून "खरंच?" म्हणत होती. शाळा झाली, नोकरीच्या मुलाखती झाल्या, आमच्या लग्नातले माझे भाषण झाले. मी कान देऊन ऐकत होतो, कुठे आक्षेप घेण्याजोगे एखादे वाक्य सापडते का म्हणून. तासभर ऐकले. एकही सापडले नाही. शेवटी उठलो, आत गेलो, दोन ठिकाणी त्यांचे साल चुकत होते तेवढे दुरुस्त करून दिले, आणि परत येऊन बसलो.